प्रयोगशाळेच्या दारात थांबलेले साहित्य

दलित स्वकथनांनी मराठी साहित्याला पहिल्यांदा खरी शाळा दाखविली. त्यापूर्वीच्या मराठी साहित्यात शाळा नव्हती असे नाही. पण ती बहुतांशी खोडकर मुलांची, मायाळू गुरुजींची आणि सुट्टीतल्या गमतींची शाळा होती. वर्गातल्या मुलाच्या पोटातली भूक, त्याच्या अंगावरचे फाटके कपडे, हजेरीत उच्चारली जाणारी त्याची जात आणि त्याला शिकविण्यासाठी जिवाचे रान करणारे आईबाप यांसह उभी असलेली शाळा 'बलुतं' (१९७८), 'आठवणींचे पक्षी' (१९७९), 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४) या ग्रंथांनी वाचकासमोर आणली. 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६) आणि 'आयदान' (२००३) यांनी त्याच शाळेतली मुलगी दाखविली. हे ऋण मोठे आहे आणि ते मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारला पाहिजे.

प्रश्न असा: या साहित्यातून शिकून बाहेर पडलेला तरुण कोण होतो? तो शिक्षक होतो, कारकून होतो, अधिकारी होतो, वकील होतो, कार्यकर्ता होतो, कवी होतो, मराठीचा वा इंग्रजीचा प्राध्यापक होतो. पण विज्ञान शाखेत शिकणारा, परीक्षानळीतला साका निरखणारा, एखाद्या प्रमेयाची सिद्धता शोधताना रात्र विसरणारा तरुण या साहित्यात कोठे आहे? एखाददुसरा अपवाद वगळला तर तो नाही. मी बुलडाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पदवीच्या वर्गांना गणित शिकवितो. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलामुलींपैकी पुष्कळजण तसेच, घरातले पहिले. त्यांना स्वतःच्या बापाची भूक आपल्या साहित्यात सापडते. स्वतःचा विषय सापडत नाही. ही गैरहजेरी किरकोळ नाही. तिच्यामागे इतिहास आहे आणि तिचे परिणाम आजही चालू आहेत.

१

बाबासाहेबांच्या चरित्रातला एक प्रसंग आपल्या घराघरांत सांगितला जातो. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमरावाला उदाहरण सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलाविले. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. ते विटाळतील म्हणून मुले धावली आणि भीमराव फळ्यापाशी पोचण्याच्या आत त्यांनी डबे बाजूला फेकले. धनंजय कीर यांच्या चरित्रामुळे हा प्रसंग सर्वत्र पोचला.

आपली व्याख्याने, नाटके, गीते आणि समीक्षा यांनी या प्रसंगातून काय घेतले? डबे घेतले. विटाळ घेतला. ते घेणे अटळच होते, कारण अपमानाचा उच्चार झाल्याशिवाय विद्रोहाला शब्द मिळत नाहीत. पण त्या प्रसंगात आणखी एक वस्तू आहे, ती म्हणजे ते उदाहरण. एक मुलगा खडू घेऊन फळ्याकडे निघाला होता तो उदाहरण सोडविण्यासाठी. त्या उदाहरणाचे काय झाले हे आपण कधी विचारीत नाही. आपल्या सांगण्यात डबे राहिले आणि गणित पुसले गेले. दलित साहित्याने शिक्षणाचा जो अर्थ लावला त्याची मर्यादा येथे दिसते. शिक्षण मिळविताना झालेला छळ त्याने अतिशय सामर्थ्याने लिहिला. मिळविलेल्या ज्ञानाचा आनंद, त्या ज्ञानाशी झालेली झुंज, एखाद्या विषयाने मनाची घेतलेली पकड हे त्याने फारसे लिहिले नाही.

याला एक तेजस्वी अपवाद आहे. कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट' (१९८१) मध्ये संस्कृत शिकण्याची कथा आहे. ज्या भाषेचे दार बाबासाहेबांना शाळेत बंद झाले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली, ती भाषा एक दलित मुलगी शिकते, तिच्यावर प्रभुत्व मिळविते आणि तरीही ती शिकविण्याचा अधिकार तिला सहजासहजी मिळत नाही. तेथे विषय आहे, विषयाचे प्रेम आहे आणि विषयाच्या दारावरचा पहारेकरीही आहे. संस्कृतविषयी असे लिहिता येते तर गणिताविषयी, रसायनशास्त्राविषयी का नाही?

२

याचे उत्तर 'आपल्या लोकांना विज्ञानाची ओढच नव्हती' असे कोणी देईल तर ते इतिहासाला धरून होणार नाही. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांविषयी एक निवेदन सादर केले. त्यातला शिक्षणाचा भाग प्रत्येक प्राध्यापकाने वाचला पाहिजे. कला आणि कायदा यांचे शिक्षण अस्पृश्यांच्या फारसे उपयोगाचे नाही, विज्ञान व तंत्रविद्येचे उच्च शिक्षण त्यांच्या अधिक कामी येईल, असे त्यांनी तेथे स्वच्छ मांडले आहे. हे शिक्षण आपल्या लोकांच्या ऐपतीबाहेरचे आहे हेही त्यांनी सांगितले. म्हणून देशातल्या विद्यापीठांत विज्ञान व तंत्रविद्या शिकणाऱ्यांसाठी दरसाल दोन लाख रुपये आणि त्याच शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांसाठी दरसाल एक लाख रुपये अशी मागणी त्यांनी केली. मागणी करणारा माणूस स्वतः अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा पंडित होता, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे वजन कळते. मला जे मिळाले तेच तुम्ही घ्या, असे तो सांगत नव्हता. राज्ययंत्रणा, उद्योग आणि संशोधन यांच्या मर्मस्थानी आपली माणसे बसली पाहिजेत, असे तो सांगत होता.

पुढे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४६ साली मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय सुरू झाले. या दोन्ही ठिकाणी कलेबरोबर विज्ञानाचेही शिक्षण होते. म्हणजे विचार होता, मागणी होती, वास्तूही उभ्या राहिल्या. मग आपल्या पहिल्या पिढ्या बहुसंख्येने कला शाखेकडेच का वळल्या?

याचे उत्तर आपल्या स्वकथनांतच दडलेले आहे. आपण ते त्या दृष्टीने वाचलेले नाही. कलेचे पुस्तक उसने मिळते, दिव्याखाली वाचता येते. सकाळी तास करून दिवसा मजुरी वा नोकरी करता येते. वेळ पडली तर बाहेरून परीक्षेला बसता येते. विज्ञानाला हे चालत नाही. दुपारचे प्रात्यक्षिक चुकले की वर्ष हातचे जाते. प्रयोगशाळा उसनी मिळत नाही. त्यातच दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलावर अकरावीलाच इंग्रजी पुस्तके कोसळतात. ज्या घरात दुपारची मजुरी हीच रात्रीची भाकर असते, त्या घरातला मुलगा दुपार प्रयोगशाळेला कशी देणार? शाखेची निवड ही आवडीची निवड आहे असे आपण समजतो. खरे पाहता ती दुपार कोणाच्या मालकीची आहे यावरून ठरते.

जे अपवाद आहेत तेही हेच सांगतात. 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) चे लेखक नरेंद्र जाधव यांनी मुंबईच्या रुईया महाविद्यालयातून विज्ञानाची पदवी घेतली आणि मग ते अर्थशास्त्राकडे वळले. त्यांच्यामागे मुंबई शहर होते आणि पोर्ट ट्रस्टमध्ये राबणारा, मुलांना विलक्षण जिद्दीने शिकविणारा बाप होता. महिन्याचा पगार आणि चालत जाण्याच्या अंतरावरचे महाविद्यालय यांनी काय घडते ते या ग्रंथात दिसते. भटक्या-विमुक्तांतले किशोर शांताबाई काळे डॉक्टर झाले. पण 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) चा केंद्रबिंदू आई आणि कोल्हाटी स्त्रीचे शोषण हाच आहे. तो तसाच असणे योग्यही होते. त्यामुळे वैद्यकशास्त्र हा विषय म्हणून कसा भेटला, हे लिहायचे राहून गेले.

३

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२) ही कादंबरी आपल्याच मातीतली. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती दलित कादंबरी नव्हे, शेतकरी कुटुंबाची आहे. परंतु शिकलेल्या तरुणाचे तिने उभे केलेले चित्र दोन्ही वस्त्यांना लागू पडते. एकनाथ शिकलेला आहे, पण नोकरीसाठी संस्थेला द्यायला पैसे नाहीत म्हणून तो नापिकीच्या शेतात अडकून पडतो. कादंबरीचे दुःख खरे आहे. त्या दुःखामागचे एक गृहीतकही तितकेच खरे आहे: शिकलेल्याला रस्ता एकच, मास्तरकी, आणि त्या रस्त्यावर नाका बसलेला.

माझ्या वर्गातही हेच गृहीतक बसलेले असते. 'सर, बीएस्सीनंतर काय?' या प्रश्नाचे उत्तर मुलांनी गावातूनच आणलेले असते. बी.एड. करायचे आणि जागेची वाट पाहायची. नाहीतर तलाठी, पोलीस, ग्रामसेवक यांच्या भरतीची तयारी करायची. २०१७ पासून शिक्षकभरतीसाठी अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आले तरी वाट पाहणे संपलेले नाही. या नोकऱ्या कमी दर्जाच्या आहेत असे मी म्हणत नाही. त्यांनीच आपली घरे उभी केली. पण ज्याला अवकलनाचा अर्थ एका बैठकीत उमगतो, त्या मुलीने पुढची चार वर्षे केवळ सामान्यज्ञानाच्या पुस्तिका पाठ करण्यात घालवाव्यात, हा तिच्या बुद्धीवरचा अन्याय आहे. तो कोणी मुद्दाम करीत नाही. दुसरी वाट आहे हेच तिच्या कानावर पडत नाही.

दुसऱ्या वाटा आहेत. २००४ पासून पदवीधरांसाठी 'जॅम' ही देशपातळीवरची परीक्षा आहे. तिच्यातून आयआयटींमध्ये एम.एस्सी.ला आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एकात्मिक पीएच.डी.ला जाता येते. गणित, सांख्यिकी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, भूविज्ञान, जैवतंत्रज्ञान हे तिचे विषय आपल्याच महाविद्यालयांतले. पुण्याला २००६ पासून आयसर आहे. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाची ओळख करून देणारा राष्ट्रीय उपक्रम चालविते. गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी 'एमटीटीएस' ही उन्हाळी शिबिरे १९९३ पासून चालू आहेत. तेथे घोकंपट्टी बाजूला ठेवून विचार करायला शिकवितात. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना शास्त्रज्ञांबरोबर काम करण्याची संधी देतात. एम.एस्सी.नंतर सीएसआयआरची नेट परीक्षा उत्तीर्ण होऊन अधिछात्रवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. म्हणजे संशोधन करणारा मुलगा घरावर भार होत नाही, घराला हातभार लावतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत ती वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत साहाय्य देते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिकण्यासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. बाबासाहेबांच्या १९४२ च्या मागणीचेच हे उशिरा आलेले, अपुरे, पण प्रत्यक्षातले वंशज आहेत.

साहित्याच्या त्रैमासिकात ही जंत्री कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण माहिती ही सुद्धा वडिलोपार्जित इस्टेट असते. प्रस्थापितांच्या घरात ती जेवणाच्या ताटाबरोबर वाढली जाते. काका, मामा, शेजारी यांपैकी कोणीतरी त्या वाटेने गेलेला असतो आणि मुलाला त्या वाटेची नावे आपोआप पाठ होतात. आमच्या घाटावरच्या मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांत आगगाडीदेखील नाही. तेथे बंगळूरच्या संस्थेची वार्ता कोणाच्या तोंडून यावी? आपल्याकडे काका-मामांचे काम पुस्तकांनी केले. आपल्यासारखा माणूस कविता लिहू शकतो, प्राध्यापक होऊ शकतो हे एका पिढीला दलित साहित्यानेच सांगितले. साहित्य एखादे जगणे कल्पनेच्या आवाक्यात आणून ठेवते. ज्या जगण्याची कथाच नाही, त्या जगण्याचा अर्ज कोणी भरीत नाही.

लोणारचेच पाहा. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, बेसॉल्ट खडकात उल्काघाताने झालेले हे विवर जगभरच्या वैज्ञानिकांना माहीत आहे. काठावरच्या गावांतल्या मुलांना ते लवणासुराची कथा, देवळे आणि यात्रा म्हणून माहीत असते. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हे झाल्याचे सांगितले. यातले मूलतत्त्व सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीच्या विद्यार्थ्याला समजण्याजोगे आहे. तरीही पाणी आमचे आणि सूक्ष्मदर्शकावर झुकलेला डोळा दुसऱ्याचा, ही स्थिती बदलावी असे आपल्याला का वाटू नये?

४

दोन आक्षेप येतील. त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा, की विज्ञान हेच जणू मुक्तीचे साधन आहे असे मानणे भाबडेपणाचे होईल, कारण प्रयोगशाळेतही जात असते. हे पूर्ण खरे आहे. मेघनाद साहा हे वाण्याचे दुकान चालविणाऱ्या गरीब बापाचे पुत्र. उच्चवर्णीय ज्या जातीला कमी लेखीत अशा जातीत जन्मलेले. कलकत्त्याच्या वसतिगृहात त्यांना सवर्ण विद्यार्थ्यांच्या पंगतीपासून दूर ठेवण्यात आले. त्याच साहांनी १९२० साली ताऱ्यांच्या वर्णपटांचा अर्थ उलगडणारे आयनीभवनाचे समीकरण जगाला दिले. समीकरण जगाने स्वीकारले म्हणून पंगतीचा अपमान पुसला गेला नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या जातीय भेदभावाच्या तक्रारींची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीला करावी लागली. तिचा अहवाल २००७ चा आहे. पण यावरून निष्कर्ष कोणता काढायचा? देवळात जात आहे म्हणून आपण देवळाकडे पाठ फिरविली, ते योग्यच केले. पाण्यावर जात होती म्हणून आपण तहानलेले राहिलो नाही. महाडला १९२७ साली ते पाणी प्यालो. विज्ञान देवळाच्या बाजूला ठेवायचे की चवदार तळ्याच्या, हे आपण ठरवायचे आहे. माझ्या मते ते तळ्याच्या बाजूचे आहे.

आणि रोहित वेमुला? १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात त्याने जीवनयात्रा संपविली. त्याच्या पत्रात कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक होण्याची आपली इच्छा त्याने नोंदविली आहे. आपण त्याला अन्यायाविरुद्धच्या लढ्याचे प्रतीक केले आणि ते करायलाच हवे होते. पण त्याच्या इच्छेचे आपण काय केले? ताऱ्यांवर लिहू पाहणारा एक दलित तरुण होता. त्याला लिहिण्याआधीच गमावला गेला. तो जे लिहिणार होता ते लिहिणारे दुसरे दहाजण निर्माण व्हावेत अशी व्यवस्था आपल्या साहित्यव्यवहाराने केली असे दिसत नाही. त्याच्या स्मृतिदिनाच्या सभेत या बाजूचाही उल्लेख व्हायला हवा.

दुसरा आक्षेप वाङ्मयीन आहे. लेखकाने आपले दुःख लिहावे. अमुक शाखेचे दुःख लिहा असे त्याला सांगणारा समीक्षक कोण? हा आक्षेप मला मान्य आहे. लेखकाला विषय नेमून देता येत नाही. पण समीक्षकाला आपली दृष्टी तपासता येते. दलित साहित्याची समीक्षा वेदना, नकार, विद्रोह या संज्ञांभोवती उभी राहिली. या संज्ञांनी मोठे काम केले. त्यांच्या पलीकडचा, ज्ञानाच्या भुकेचा अनुभव एखाद्या पानावर आला तरी तो टिपायला आपल्याकडे संज्ञा नाही, म्हणून आपण ते पान उलटून पुढे जातो. तरुण लेखकही मग तेच लिहितो ज्याची दखल घेतली जाईल. पोटाच्या भुकेइतकीच बुद्धीची भूक खरी असते आणि तीही शतकानुशतके मारली गेली. या दुसऱ्या उपासमारीचे वाङ्मय अजून लिहायचे राहिले आहे.

५

आज हे म्हणण्याची निकड अधिक आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून आपल्या महाविद्यालयांतही पदवीचे चौथे वर्ष येऊ घातले आहे आणि चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएच.डी.ला जाण्याची वाट गुणांच्या अटीवर खुली झाली आहे. ज्याच्या घरात शहाणे काका-मामा आहेत तो या वाटेचा फायदा घेईल. ज्याच्या घरात ते नाहीत तो तिसऱ्या वर्षीच बाहेर पडेल आणि आपण काय सोडले हे त्याला कळणारही नाही. विषमतेची नवी पायरी अशी नियमांतून घडते; तिच्यावर कोणाचे नाव लिहिलेले नसते.

म्हणून काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत त्या कराव्यात. जे दलित विद्यार्थी प्रयोगशाळेपर्यंत पोचले, संशोधक झाले, गणित शिकवू लागले, त्यांनी आपली स्वकथने लिहावीत. ती छळाची असतील तशीच विषयाचीही असू द्यावीत. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहिली तेव्हा काय वाटले हे लिहिण्याजोगे आहे. नियतकालिकांनी त्यासाठी पाने मोकळी ठेवावीत. साहित्य संमेलनांतून एक परिसंवाद या प्रश्नावर व्हावा. माझ्यासारख्या शिक्षकांनी प्रवेशाच्या दिवसांतच पहिल्या वर्षाच्या मुलांना वर सांगितलेल्या वाटांची नावे सांगावीत, तिसऱ्या वर्षाच्या शेवटी नव्हे; कारण तोवर अर्जांच्या तारखा निघून गेलेल्या असतात. आणि वसतिगृहातल्या, वस्तीतल्या प्रत्येक वाचनालयात आपल्या स्वकथनांच्या शेजारी गणिताचे आणि विज्ञानाचे चांगले पुस्तक असावे.

'शिका' हा आदेश आपण मानला. काय शिकायचे याविषयी १९४२ च्या निवेदनात जे सांगितले गेले, त्याची आठवण मात्र आपल्या साहित्याने फारशी ठेवली नाही. शाळेचे दार कसे उघडले हे दलित साहित्याने जगाला सांगितले आहे. प्रयोगशाळेचे दार उघडताना हाताला काय लागले, आत गेल्यावर काय दिसले, हे सांगणारे पुस्तक आता आले पाहिजे. ते कदाचित आज घाटाखालच्या एखाद्या गावातून सकाळच्या एस.टी.ने महाविद्यालयात येणाऱ्या मुलीच्या वहीत असेल. तिची वही गणिताची आहे म्हणून ती साहित्याबाहेरची, असे आपण समजू नये.